२०० विजा चुकवायच्या की नाद सोडायचा? रिमास्टर ट्रॉफीवाल्यांनो, वाचवा

कासारवडवली_फास्ट

मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीय.

आधी थोडं माझं सांगतो म्हणजे संदर्भ लागेल. वय ३५, ऐरोलीला आयटीत आहे, रोज घोडबंदर रोडचा ट्रॅफिक खाऊन घरी येतो, जेवण, पोरीला झोपवणं, मग साडेदहा ते बारा एवढाच काय तो माझा वेळ. आणि त्या दीड तासात मी गेले पाच आठवडे काय करतोय, तर एका माळरानावर भर पावसात उभा राहून विजा चुकवतोय.

गेमचं नाव फायनल फॅन्टसी टेन. ओरिजिनल २००१ चा, आम्ही खेळलो अकरावीत, नौपाड्यात एका मित्राच्या चिप मारलेल्या पीएस२ वर, त्याच्या घरच्या माळ्यावर बसून, तेही अर्धाच कारण त्याच्या धाकट्या भावाने मेमरी कार्ड साफ केलं आणि आमची दोस्तीच तीन महिने बंद पडली होती. तर हे अर्धं राहिलेलं डोक्यात होतं म्हणून पीएस४ चा एचडी रिमास्टर, म्हणजे तोच गेम नव्याने चकाचक केलेला, सेलमध्ये घेतला. स्टोरी संपवली, शेवटाला डोळे ओले झाले, बायकोला सांगितलं सर्दी आहे. इथवर सगळं छान होतं. तिथेच डिस्क काढून कपाटात ठेवायची होती पण मी शहाणा, ट्रॉफीची यादी उघडली. म्हटलं एवढं खेळलोच आहे तर प्लॅटिनम, म्हणजे बाकी सगळ्या ट्रॉफ्या झाल्या की मिळते ती, करून टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेममध्ये थंडर प्लेन्स म्हणून जागा आहे, तिथे सतत विजा पडतात. स्क्रीन पांढरी झाली की लगेच एक्स दाबायचं, हिरो उडी मारून बाजूला होतो. ५ चुकवल्या की बक्षीस, १० ला बक्षीस, २० ला, ५० ला, असं करत २०० पर्यंत. पण २०० सलग. १९९ वर अंगावर पडली तर परत शून्य. आणि खरी गंमत म्हणजे किती झाल्या ते स्क्रीनवर कुठेही दाखवत नाहीत, आपणच मोजायचं! पूर्वी हे नुसतं लुलू या पात्राच्या हत्याराची ताकद वाढवणारं सिजिल मिळवण्यासाठी होतं, हवं तर करा नाहीतर नका करू. रिमास्टरमध्ये त्यावर लाइटनिंग डान्सर नावाची ट्रॉफी चिकटवलीय, म्हणजे प्लॅटिनम हवं तर सुटका नाही.

माझा आजवरचा हिशोब ६१, ३८, ११२, ९, १४७, मग ४०-५० च्या आसपास दहाबारा वेळा. मोजण्यात एक प्रॉब्लेम असा की मनात "एकशे सत्तेचाळीस" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पुढची वीज पडते. हसू नका. एकेरी आकड्यांना मी व्यवस्थित खेळतो, शंभरच्या पुढे गेलो की आकडाच लांबलचक होतो आणि अंगठा मागे राहतो. म्हणून मग शंभरनंतर परत एक दोन तीन सुरू केलं तर मध्येच विसरलो की ही पहिली शंभरी की दुसरी.

आणि मागच्या गुरुवारी तर कहर झाला. १८० च्या पुढे होतो. नक्की आकडा सांगत नाही कारण आता मलाच खात्री नाही पण १८० नक्की झाल्या होत्या. हाताला घाम, पंखा बंद केलेला कारण त्याची सावली टीव्हीवर हलते, पाय आखडलेला, पण हलत नव्हतो. बाहेर येऊरच्या डोंगरावर खऱ्या विजा चमकायला लागल्या होत्या. माझी खिडकी टीव्हीच्या मागे. म्हणजे स्क्रीन पांढरी झाली का खिडकी, तेच कळेना! दोनदा खिडकीच्या विजेला एक्स दाबलं, बरं की त्याने काही बिघडत नाही. उठून पडदा ओढावा तर हात सोडवेना. आणि मग एक खरी, जोरात, सगळी खोली उजळली आणि लाईट गेली. टीव्ही गेला. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला आहे, घरात नाही. मी तसाच काळोखात कंट्रोलर धरून बसलो होतो, त्याचा तो निळा दिवा तेवढा पेटलेला. वीस मिनिटांनी लाईट आली आणि चालू केल्यावर प्लेस्टेशन मलाच दम देतं की मशीन नीट बंद केलं नव्हतंत.

तर विचारायचं हे की कोणी केलंय का हे, काही युक्ती आहे का, का माझा टीव्हीच स्लो आहे, कारण पीएस२ वर माळ्यावर बसून मी सहज ३०-४० चुकवायचो असं आठवतंय. का सरळ सोडून देऊ? बायको म्हणते रात्री बारा वाजता काळोखात बसून आकडे पुटपुटतोस, शेजारच्यांना वाटेल घरात अनुष्ठान चाललंय.

सानपाडा_स्लो

भावा केलंय मी. दोनदा. पहिल्यांदा पीएस३ वर, मग पीएस४ वर परत कारण माझ्या डोक्यात फरक आहे.

टीव्हीचं आधी बघ. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र जवळपास त्याच क्षणी यायचं. आताचे एलईडी चित्र घेतात, त्याला पावडर-लिपस्टिक लावतात आणि मग दाखवतात, त्यात काही टीव्हीवर शंभर मिलिसेकंद सुद्धा जातात. गेम ३० फ्रेमचा आहे, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदाची. म्हणजे तुझा टीव्ही तुला तीन फ्रेम आधीच मागे ठेवतोय आणि तू स्वतःला म्हातारा समजतोयस. पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असेल तो चालू कर, मोशन स्मूथ वगैरे जे असेल ते बंद. रंग थोडे फिके दिसतील, दिसू देत.

दुसरं, तू मोकळ्या माळावर भटकत चुकवतोयस असं वाटतंय. तसं नाही करायचं. दक्षिणेकडच्या भागात एक खड्डा आहे, उल्का पडल्यासारखा. त्याच्या कडेवरून आत पाऊल टाकलं की वीज पडतेच. चुकव, बाहेर ये, परत आत जा. वीज कधी येणार हे तुला आधीच कळतं, त्यामुळे अर्धं टेन्शन तिथेच संपतं. लय पकडली की अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मध्ये मध्ये राक्षस येतात त्याने लय तुटते, म्हणून कोणाच्या तरी आर्मरवर नो एन्काउंटर्स अबिलिटी टाकून घे. पीसीवाल्यांना तर एन्काउंटर बंद करायचं बटणच दिलंय, पण आपण गरीब कन्सोलवाले.

आणि एक छोटा यूपीएस घे रे बाबा, कॉम्प्युटरला असतो तो. टीव्ही आणि पीएस४ दहा मिनिटं जरी तगले तरी पुरे. पावसाळ्यात ठाण्यात राहून २०० विजा चुकवायला बसलास आणि यूपीएस नाही, तुझी चूक आहे.

जुना_पेंटियम

माझं मत थोडं कडू आहे, गोड मानून घ्या.

२००१ साली ट्रॉफी नावाची भानगडच नव्हती. ॲचिव्हमेंट आले एक्सबॉक्स ३६० बरोबर २००५ ला, प्लेस्टेशनला ट्रॉफी आल्या २००८ मध्ये. म्हणजे हा गेम ज्यांनी बनवला त्यांनी २०० विजा ही चेष्टा म्हणून ठेवली होती, शंभरातल्या एखाद्या वेड्याने करावी म्हणून. बाकीचे नव्व्याण्णव दहा-वीस चुकवून हसत पुढे जायचे. रिमास्टर करताना कोणीतरी यादी घेऊन बसलं आणि जे जे म्हणून गेममध्ये ऐच्छिक होतं त्यावर एकेक कप ठेवला. झालं, चेष्टेची सक्ती झाली.

लुलूच्या त्या हत्याराशिवाय गेम संपतो. तुमचा संपलाच आहे, तुम्ही रडलात पण. मग आता तुम्ही खेळताय ते नक्की काय? ऑफिसात पण टार्गेट, घरी येऊन पण टार्गेट, फक्त इथे पगार नाही. सोडून द्या आणि झोपा.

वाशीची_वाघीण

पेंटियम काका, तुमचं बरोबर असेल पण तुम्ही कधी ९५ टक्क्यांवर अडकलेली यादी रोज बघितली आहे का? दात काढल्यावर जीभ तिथेच जाते, तसं होतं ते.

फास्ट दादा, तुमचं दुःख मला समजतं, माझं वेगळ्या गेमचं आहे, क्रॅश बॅन्डिकूट एन सेन ट्रिलॉजी. लहानपणी वाशीला सेक्टर १७ मध्ये मावशीकडे जायचे तेव्हा मावसभावाकडे पहिला प्लेस्टेशन होता आणि क्रॅश मला तोंडपाठ होता, शब्दशः, डोळे मिटून हाय रोड नावाच्या लेव्हलच्या फळ्या ओलांडायचे. तर २०१७ ला रिमास्टर आला, घेतला, म्हटलं आपलंच राज्य. पहिल्याच दिवशी हाय रोडला सगळे जीव संपले. सगळे!! मला वाटलं लग्न आणि नोकरीमुळे माझे हात गेले.

मग कळलं की हात नाही गेले. बनवणाऱ्या व्हिकेरियस व्हिजन्सने त्याच वर्षी स्वतःच सांगितलं की तिन्ही गेमसाठी तिसऱ्या भागाची हाताळणी पाया म्हणून घेतलीय आणि उडीनंतर टेकायची पद्धतही जुन्यासारखी नाही, कडेवर उतरलात तर क्रॅश घसरून पडू शकतो. म्हणजे पूर्वी जी उडी "झाली" म्हणून धरली जायची ती आता "गेली". वीस वर्षं अंगठ्यात साठवलेलं सगळं एकदम खोटं ठरतं. नवीन माणूस शिकतो, त्याचं काही अडत नाही. आपल्याला आधी विसरावं लागतं आणि मग शिकावं लागतं, म्हणजे डबल मेहनत. हा रिमास्टरचा खरा दगा आहे असं माझं मत, दिसायला आपलं जुनं घर असतं पण जिन्याची एक पायरी अर्धा इंच उंच केलेली असते आणि तुम्ही रोज तिथेच ठेचकाळता.

बरं त्यात भर म्हणून टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी शर्यत, पहिल्या भागात पण घातल्या. ओरिजिनलला त्या फक्त तिसऱ्या भागात होत्या, १९९८ च्या. पहिल्या भागाच्या लेव्हली पळत सुटण्यासाठी बनवलेल्याच नाहीत हो, त्या थांबून, बघून, श्वास घेऊन खेळायच्या. स्लिपरी क्लाइंब नावाची लेव्हल आहे, भिंतीतून पायऱ्या आत-बाहेर होतात, तिथे घड्याळ लावून पळायचं आणि मेलात की पहिल्यापासून. मी तिथे किती दिवस घालवले ते लिहीत नाही, नवरा पण वाचतो इथे. एक मात्र सांगते, ज्या दिवशी झालं त्या दिवशी मी नेहमीपेक्षा वाईट खेळत होते, दोनदा अडखळले, आणि तरी वेळेत बसलं. तेव्हा कळलं की इतके दिवस मी पहिल्या चुकीला रागाने रीस्टार्ट मारत होते, आणि त्यातले निम्मे रन बहुतेक पूर्ण झाले असते.

त्यामुळे दादा, सोडू नका पण रोज नका खेळू. मी आठवड्यातून दोनच दिवस ठेवले होते, बुधवार आणि रविवार.

मानपाडा_मेन

फास्ट भाऊ एक प्रश्न, विजा सोड. शेवटाकडच्या त्या युनालेस्का बॉसला मारल्यानंतर मागे फिरून तिथला सन क्रेस्ट, हिरोच्या हत्याराची ताकद वाढवणारा, उचललास ना? प्लॅटिनमला सगळी सेलेस्टियल हत्यारं, म्हणजे प्रत्येक पात्राचं खास हत्यार, लागतात म्हणून विचारतोय.

कासारवडवली_फास्ट

कुठला सन क्रेस्ट

मानपाडा_मेन

अरेरे

सानपाडा_स्लो

श्रद्धांजली. आता तिथे डार्क बहामुट नावाचा महाभयंकर राक्षस उभा आहे मित्रा. माळ्यावर खेळलेल्यात हे असले डार्क इऑन राक्षस नव्हते असं आठवत असेल तर तुमची डिस्क अमेरिकन होती. इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये ते घातले आणि रिमास्टर त्यावरूनच आहे. त्याला हरवशील तेव्हा क्रेस्ट. पण ते नंतरचं, त्याला निदान ताकद वाढवून मारता येतं. विजेपुढे लेव्हल वाढवून काही होत नाही.

कासारवडवली_फास्ट

मी पाणी पिऊन येतो.

आलो. स्लो, गेम मोड सापडला. चार मेनू आत लपवलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या मेनूत गेलो, सहा वर्षं झाली टीव्ही घेऊन. फरक आहे राव, खरंच आहे, पहिल्याच प्रयत्नात ७० गेल्या. खड्डा पण सापडला. पण मोजायचं काय करू? मोबाईलवर काउंटरचं ॲप घेतलं तर त्याला अंगठा लागतो आणि माझे दोन्ही अंगठे कामात आहेत. डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबून बघितलं. हो, करून बघितलं.

पेंटियम साहेब, तुमचं वाचून दोन दिवस खरंच नाही खेळलो. साडेदहाला सोफ्यावर बसून फोन बघत होतो. दीड तास रील बघून झोपलो. काही लक्षात नाही काय बघितलं.

तलावपाळी_तीनपत्ती

मोजायचा प्रॉब्लेम आमच्याकडे सोडवलेला आहे, २०१६ सालीच.

मी लाइटनिंग डान्सर केली तेव्हा आजी होती आमच्याकडे. तिची संध्याकाळची जपाची वेळ आणि माझी खेळायची वेळ एकच, एकाच हॉलमध्ये, ती कोपऱ्यात आरामखुर्चीत आणि मी जमिनीवर. मी चिडून ओरडलो एकदा की परत आकडा विसरलो, तर तिने विचारलं कसला आकडा. समजावलं. ती म्हणाली त्यात काय, प्रत्येक उडीला मी एक मणी ओढते. जपमाळेत १०८ मणी. एक फेरी पूर्ण झाली की १०८, मग ९२ राहिले, म्हणजे दुसऱ्या फेरीत १६ मणी उरले की थांबायचं. इतकं सोपं गणित आणि मी दोन महिने बोटं मोजत होतो.

एक काळजी घ्या. मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथे माळ उलटी फिरवतात. आजी माळ फिरवायला थांबली की मला पण थांबावं लागायचं, खड्ड्याच्या बाहेर उभा राहायचो टॉवरजवळ, तिथे वीज अंगावर येत नाही. तिने "हं" म्हटलं की परत सुरू. ती देवाचं नाव घ्यायची का मोजायची मला माहीत नाही. दोन्ही करत असेल. तिसऱ्या दिवशी झालं. तिला ट्रॉफी दाखवली तर म्हणाली एवढीशी?

जुना_पेंटियम

हे वाचून मला गप्प बसावं लागतंय, म्हणून एक कबुली देतो.

माझ्या जुन्या पीसीवर व्हाइस सिटी हा जीटीए मालिकेतला गेम आहे. ओरिजिनल, रिमास्टर नाही, ट्रॉफी नाही, काही नाही. त्यात १०० लपवलेली पॅकेजेस असतात. माझी ९९ आहेत. २००७ पासून ९९ आहेत. शंभरावं कुठलं राहिलं ते गेम सांगत नाही, त्यामुळे नकाशा छापून एकेक जागी परत जाऊन बघायचं. मी तीनदा पूर्ण फिरलोय. पीसी आता कोणी वापरत नाही, मुलगा म्हणतो भंगारात द्या. देत नाही.

वरचं माझं भाषण तसंच राहू दे, पण फार मनावर घेऊ नका.

वाशीची_वाघीण

काका!!! १८ वर्षं!! आणि आम्हाला झोपायला सांगत होतात

मानपाडा_मेन

काका रविवारी पीसी घेऊन या, आपण शोधू. मिसळ माझ्याकडून.

कासारवडवली_फास्ट

अपडेट देतो.

आई सध्या आमच्याकडे आहे, बदलापूरहून आलीय दोन आठवड्यांसाठी. तीनपत्तीचं वाचून तिला घाबरत घाबरत विचारलं. वाटलं होतं चिडेल, माळ ही काय खेळायची वस्तू आहे का म्हणून. ती म्हणाली माळ नको, ती देवाची, माझ्याकडे वाल आहेत. बिरड्यासाठी आणलेले कडवे वाल. २०० मोजून एका वाटीत घेतले, शेजारी दुसरी रिकामी वाटी ठेवली. प्रत्येक उडीला एक वाल या वाटीतून त्या वाटीत. टक्. मला आकड्याकडे बघायलाच नको, फक्त टक् ऐकायचं. उडी मारली आणि टक् आलं नाही तर समजायचं आई पेंगली.

पहिल्या रात्री ९४. दुसऱ्या रात्री पोरगी उठून आली, तिने वाटी सांडली, त्या वेळी किती झाल्या होत्या ते देवाला माहीत. काल रात्री वाटीत ३७ उरले होते म्हणजे १६३, आणि मी चुकलो ते पण माझ्याच गाढवपणाने, किती उरले म्हणून वाटीत डोकावायला गेलो. आई म्हणाली तू समोर बघ, वाटी माझी आहे.

आता ती माझ्यापेक्षा जास्त अडकलीय. सकाळी चहा देताना विचारते, तुझ्या त्या गावात पाऊस थांबतच नाही का रे? बायकोने तिला विचारलं तुम्हाला कंटाळा नाही येत का, तर म्हणे सिरियलपेक्षा बरं आहे, निदान पुढे सरकतं.

यूपीएस आणलाय. पडदा लावलाय. आज शनिवार, उद्या सुट्टी. आईचं जेवण चाललंय, झालं की बसतो. वाल मात्र तिने परत मोजायला घेतलेत, तिला संशय आहे की पोरीने सांडले तेव्हा चार-पाच सोफ्याखाली गेलेत.